गाऱ्हाण्यांची वही : कारखान्याच्या शॉपवर नियमित बैठक कशी सुरू करायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही जा. नवा सुपरवायझर किंवा मॅनेजर रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला उत्पादनाचा तक्ता दाखवतात. साचे किती, ओतकाम किती, रिजेक्शन किती. कामगारांच्या प्यायच्या पाण्याची टाकी कुठं आहे हे कुणी दाखवत नाही. त्याला तहान लागते तेव्हा ऑफिसातला कूलर सापडतो आणि विषय तिथंच संपतो.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. हाताखालच्या दहा-बारा जणांबरोबर पंधरवड्यातून एकदा बसायचं, पाणी, उजेड, धूळ, उष्मा, बसायची जागा, पाळ्यांची अदलाबदल अशा रोजच्या गोष्टींवर बोलायचं आणि त्यातलं थोडं थोडं सुधारत न्यायचं, एवढाच विषय. माझं आयुष्य फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आणि मशीन शॉपवर गेलं, म्हणून उदाहरणं तिथली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा हुपरीच्या चांदीच्या कामात तपशील बदलतील, पद्धत हीच चालते.

एक अट आधीच सांगतो. या बैठकीत उत्पादनाचा आकडा काढायचा नाही. त्यासाठी सकाळची दुसरी बैठक असतेच. ‘कालचं टार्गेट का चुकलं’ हे वाक्य एकदा जरी निघालं, तरी समोरचा माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो आणि पंख्याबद्दल बोलायचं राहून जातं.

पहिल्यांदा आठ दिवस नुसते फिरा

बैठक बोलावण्याआधी तिन्ही पाळ्यांत एकेकदा तरी चक्कर मारा. हातात वही नको, वही दिसली की माणसं सावध होतात. खिशात मेजरिंग टेप मात्र असू द्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, संडास आणि धुण्याच्या जागेपासून ६ मीटरच्या आत नको, असं स्पष्ट लिहिलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी शॉपमध्ये प्लंबरचा पाइप वाचावा म्हणून दोन्ही एकाच भिंतीला चिकटवलेले असतात. मोजून बघा.

कामगारांचं स्वच्छतागृह तुम्ही स्वतः वापरा. बाहेरून डोकावून काही कळत नाही. कडी लागते का, पाणी येतं का, रात्री दिवा असतो का, हे आत गेल्यावरच समजतं.

आवाजाची साधी कसोटी अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथं ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त गोंगाट आहे असं समजायला हरकत नाही. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडच्या नियमांत मर्यादा ९० डेसिबलची. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, ग्राइंडर चालू असताना उभे राहा, म्हणजे इयर प्लग वाटूनही माणसं ते का काढतात हेही दिसेल.

आणि गूळ. धुळीच्या कामावर गूळ वाटायची पद्धत आपल्याकडं जुनी, आणि कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. गूळ चांगलाच आहे, अंगात तरतरी येते. पण गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते हा समज मात्र धोक्याचा आहे. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ एकदा फुफ्फुसात खोल गेली की ती बाहेर येत नाही, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तो टाळायचा उपाय म्हणजे धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेणारं सक्शन, ओली झाडलोट आणि तोंडावर बसणारा मास्क. ‘गूळ देतो की’ हे उत्तर बैठकीत तुमच्या तोंडून येऊ नये म्हणून हे आत्ताच सांगून ठेवलं.

याच आठ दिवसांत मालकांकडं जाऊन एक गोष्ट मागून घ्या : महिन्याला ठरावीक रक्कम, जी खर्चायला सही लागणार नाही. पाच हजार मिळाले तरी पुष्कळ. ट्यूब, नळ, पंख्याची दुरुस्ती, रबरी मॅट एवढ्यात बसतं. हे मिळालं नाही तर बैठक लांबवा. हातात काहीच नसताना माणसांना बोलतं करणं म्हणजे जेवायला बोलावून चूल न पेटवण्यासारखं.

वेळ, जागा, चहा

वीस ते पंचवीस मिनिटं, कामाच्या वेळेत, पगारी. पाळी सुटल्यावर बैठक ठेवलीत तर निम्मी माणसं घड्याळाकडं बघत बसतील, कारण गावाकडची एसटी चुकली तर पुढची तासाभरानं. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ अशा पाळ्या असतील तर अडीचच्या सुमाराला पहिल्या पाळीची बैठक घ्या. रात्रपाळीला आपण नसतोच, म्हणून तिची बैठक होत नाही आणि सगळ्यात जास्त गाऱ्हाणी तिचीच असतात. महिन्यातून एकदा तरी अकराला जा.

भट्टीवर रस तयार असताना कुणाला बोलावू नका. बिडाचा रस १४०० अंशांच्या आसपास ओततात. तो थंडावायला लागला की माणसाचं मन बैठकीत कसं लागेल? दोन हीटच्या (भट्टीतल्या रसाच्या खेपांच्या) मधली वेळ भट्टीवाल्यांनाच विचारून ठरवा.

जागा म्हणजे तुमची केबिन नव्हे. तिथल्या खुर्चीच्या कडेवर माणूस कसा बसतो ते आठवा. पॅटर्न स्टोअरजवळची मोकळी जागा, शेडबाहेरचं झाड, काहीही चालेल, फक्त कॉम्प्रेसरपासून लांब. तुम्हीही इतरांच्याच बाकावर बसा. चहा आधी द्या. चहा शेवटी ठेवला की सगळे चहाची वाट बघत असतात.

कुणाला घ्यायचं

आठ ते बारा जण. पन्नास जणांची बैठक ही सभा होते, आणि सभेत दोघंच बोलतात.

ठेकेदाराची माणसं वगळू नका. ‘ती आपली नाहीत’ असं ऐकायला मिळेल, पण तेच पाणी पितात, तीच धूळ खातात, आणि पाणी-स्वच्छतागृहासारख्या सोयींची जबाबदारी कायद्यानंही अखेर मूळ मालकावरच येते. उत्तर भारतातून, ओडिशातून आलेली पोरं फेटलिंगला आणि मोल्डिंगला (साचे करायला) असतात. त्यांच्यासाठी निम्मं हिंदीत बोला, लाजायचं कारण नाही. मास्क का लावत नाही म्हणून आम्ही एकाला सहा महिने ओरडत होतो. बैठकीत त्यानं एका वाक्यात सांगितलं, “साहब, पसीने से गीला हो जाता है, फिर साँस नहीं आती.” पाळीला एकच मास्क मिळत होता. दोन द्यायला लागलो, ओरडणं थांबलं.

कोअर शॉपला (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं) बायका असतील तर एकटीला बोलावू नका, दोघी-तिघी येऊ द्या. आणि बायका काही बोलल्या नाहीत तर त्यांना काही अडचण नाही असं धरू नका. आमच्याकडं उन्हाळ्यात कोअर शॉपच्या दोघींना चक्कर आली. बैठकीत पुरुषांसमोर कुणी तोंड उघडलं नाही. नंतर तिथल्याच एका वयस्कर मावशींनी सांगितलं, “पाणीच कमी पितो आम्ही. संडास त्या टोकाला, सारखं जायचं कसं, लोक बघत्यात.” उष्म्याचा प्रश्न म्हणून आम्ही मोठा पंखा आणायला निघालो होतो. हवं होतं जवळचं, कडी लागणारं स्वच्छतागृह. तेव्हापासून बायकांची दहा मिनिटं वेगळी ठेवतो, आणि ती शक्यतो एखाद्या बाईनंच घ्यावी.

पहिल्या बैठकीत काय बोलायचं

“काय अडचण आहे का?” असं विचारलंत की उत्तर ठरलेलं : “काय नाही साहेब, बरं हाय की सगळं.” यात खोटेपणा नसतो. एवढ्या मोघम प्रश्नाला खरं उत्तर द्यायला माणसाला धीर लागतो, आणि तुमच्यासाठी तो धीर खर्च करावा असं तुम्ही अजून काही केलेलं नसतं.

म्हणून प्रश्न लहान करा, कालच्या दिवसातला करा. काल कुठल्या कामाला उगाच थांबायला लागलं? पाणी प्यायला किती लांब जाता? कुठलं काम अंगावर आलं की नको वाटतं? रात्री कुठल्या कोपऱ्यात दिसत नाही? घरी गेल्यावर काय दुखतं? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांकडं उत्तर असतं. कुणाची कंबर, कुणाचं मनगट, आणि त्यावरून कुठलं ओझं चुकीच्या उंचीवर ठेवलंय हे सरळ कळतं.

प्रश्न विचारून गप्प बसा. कोल्हापूरकर माणूस बोलका, तालमीच्या कट्ट्यावर रात्री बारापर्यंत बोलेल, पण साहेबापुढं तो वेळ घेतो. मनात दहा आकडे मोजा. आठव्या-नवव्याला कुणीतरी खाकरतो. तेवढ्यात तुम्हीच बोललात तर तो गेला.

सुरुवात आपल्या एका चुकीनं करता आली तर फार बरं. ‘मागच्या महिन्यात मी ट्रॉलीची जागा बदलली, त्यानं तुमची चाल वाढली, हे मला नंतर दिसलं,’ एवढंही पुरतं. मोठी कबुली नको, ती नाटकी वाटते.

कुणी तिखट बोललं तर? बोलू द्या. चिडलेल्या माणसाच्या बोलण्यात निम्मा राग जुना असतो आणि निम्मी माहिती नवी. माहिती तेवढी उचला. त्याच्या लाइनच्या सुपरवायझरनं नंतर त्याला ‘लई बोलत होतास की’ असं म्हटलं तर मात्र तुमची बैठक तिथंच संपली असं समजा. म्हणून सुपरवायझर मंडळींना आदल्या दिवशी बोलावून सांगून ठेवा : उद्या जे निघेल ते तुमच्यावरची तक्रार म्हणून मी धरणार नाही, आणि तुम्हीही त्याचा वचपा काढायचा नाही.

जे उभ्यानं बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवतात. ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. आमच्या डब्यात वर्षभरात चार चिठ्ठ्या आणि मूठभर माव्याच्या पुड्या निघाल्या.

वही

साधी फुलस्केप वही. संगणकावरची नको, ती कुणी उघडून बघत नाही. चार रकाने : काय म्हणाले, कुणी करायचं, कधीपर्यंत, झालं का. पहिल्या रकान्यात माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘वायुवीजन अपुरे’ असं लिहिलंत तर ते कुणाचंच राहत नाही. ‘तीन नंबरचा पंखा पलीकडच्याची धूळ माझ्या तोंडावर आणतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला तोंड दिसतं. हे खरं वाक्य आहे, आणि त्यावरचा उपाय फुकटचा निघाला : तो मोठा पंखा (मॅन कूलर) फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि दोघांच्या मधे जुना पत्रा उभा केला.

बैठक संपली की त्याच दिवशी गोष्टींचे तीन ढीग करा. आठवड्यात होणाऱ्या, महिन्या-दोन महिन्यांत होणाऱ्या, आणि आपल्या हातात नसलेल्या. पहिल्या ढिगातली निदान एक गोष्ट पुढच्या बैठकीआधी झालीच पाहिजे, मग ती कितीही लहान असो. भट्टीची भिंत पाडून नवी बांधायला नको, बंद ट्यूब बदला. तिसऱ्या ढिगातल्या गोष्टींना तोंडावर ‘नाही’ म्हणा आणि कारण सांगा. ‘बघू’ म्हणू नका. ‘बघू’चा अर्थ आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

यात मी स्वतः कसा आपटलो ते सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका कारखान्यात नवीन असताना मी मोठ्या उत्साहानं पहिली बैठक घेतली. चौदा गोष्टी निघाल्या. सगळ्या टाइप करून मालकांना पाठवल्या आणि मला वाटलं, झालं आपलं काम. दुसऱ्या बैठकीत मंजुरी यायचीय असं सांगितलं. पाच-सहा गोष्टी पुन्हा निघाल्या, त्याही लिहिल्या. तिसऱ्या बैठकीला सगळे आले, चहा घेतला, आणि कुणी काही बोललं नाही. मी मनात खूश, प्रश्न मिटले म्हणून. बाहेर पडताना एक म्हातारा मोल्डर म्हणाला, “चहा झकास हुता साहेब.” ते मला कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. त्या चौदातल्या सहा गोष्टींना मालकांची गरजच नव्हती. एक पान्याची होती, एक खिळ्याची.

म्हणून दुसऱ्या बैठकीची सुरुवात नेहमी वही वाचून करा. झालेलं वाचा, न झालेलंही वाचा आणि का राहिलं ते सांगा. ‘पंप आला, पण फिटर आला नाही’ हे सांगितलं की लोक ऐकून घेतात. कधीकधी फिटर त्यांच्यातूनच उभा राहतो.

इथं काय आणायचं नाही

पगारवाढ, बोनस, कुणाच्या कायमपणाचा प्रश्न इथं सुटणार नाही, तसं स्पष्ट सांगा. कारखान्यात युनियन असेल तर पहिल्या बैठकीआधी तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटा. त्यांना डावलून कामगारांशी परस्पर संधान बांधताय असा वास आला तर तुमच्या पंख्यालाही विरोध होईल, आणि तो रास्तच असेल.

एखाद्या बाईनं त्रासाची, छेडछाडीची गोष्ट काढली तर ती बैठकीत पुढं चालवू नका. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तिच्याकडं ती जायला हवी, गुप्तता राखून. समिती नुसती कागदावर आहे असं लक्षात आलं तर ते काम आधी करा, बैठक नंतर.

कायद्यानं लागणाऱ्या समित्यांची जागाही ही बैठक घेत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती लागते, तीत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे आणि सगळे मिळून जास्तीत जास्त दहा. तुमच्या कारखान्याला काय लागू होतं ते सल्लागाराकडून एकदा बघून घ्या. दोन माणसं एकमेकांच्या शेजारी बसून काय बोलतात हे मात्र कुठल्याच संहितेत नसतं, ते तुमच्याकडं.

कुणी सांगेल की हे सगळं जपानचं फॅड आहे. जपानी तज्ज्ञ इशिकावांची क्वालिटी सर्कल, म्हणजे गुणवत्ता सुधारायला बसणारे कामगारांचे छोटे गट, तिकडं १९६२ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडं भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) हैदराबादच्या कारखान्यात १९८० मध्ये आली, हे खरं. पण तिचा रोख मुख्यतः मालाच्या गुणवत्तेवर. इथं आपण माल करणाऱ्याच्या कंबरेबद्दल बोलतोय.

कोल्हापूरचं वर्ष डोळ्यांपुढं ठेवा

विषय सुचत नाहीत अशी वेळ येते. तेव्हा कॅलेंडर बघा.

मार्चची बैठक उष्म्याची. जड ओतकाम सकाळच्या हीटला घेता येईल का, ताक-ओआरएस कुठं ठेवायचं, पाळीत जादा विश्रांती कधी, हे एप्रिल उजाडायच्या आत ठरायला हवं.

जूनची बैठक पुराची, आणि ही चुकवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, माणसं इकडं आणि घरं तिकडं. कोण नदीपलीकडून येतो याची यादी करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ला पाणी आलं की शिरोळ, करवीरच्या सखल गावांतल्या माणसांना पाळी संपायची वाट न बघता सोडायचं, असा नियम आधी ठरवून वहीत लिहा. त्या दिवसांच्या पगाराचं काय, हेही मालकांकडून जूनमध्येच वदवून घ्या. पाणी गुडघ्याला आल्यावर ही चर्चा होत नाही.

दिवाळीनंतरची बैठक उसाची. आपल्या कामगारांतल्या पुष्कळांचं अर्धा-एक एकर रान असतं. उसाला तोड आली की तो दोन दिवस येणार नाही, तुम्ही मेमो द्या नाहीतर पाया पडा. हे गैरहजेरीच्या रकान्यात टाकण्यापेक्षा अदलाबदलीची रीत बसवा. ज्यांना ऊस नाही त्यांनी तोडीच्या दिवसांत पाळी सांभाळायची, बदल्यात त्यांना गणपतीत किंवा गावच्या जत्रेला पहिली पसंती. आमच्याकडं हे कामगारांनीच आपसात मांडलं. मी फक्त तक्ता आखून दिला, आणि त्यातही एक रकाना चुकवला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आठ माणसांच्या शॉपला

तिथं मालक स्वतः लेथवर उभा असतो, त्याला बैठक-बिठक म्हटलं की हसू येतं. शनिवारी पगार वाटताना किंवा टपरीवर चहा घेताना वरच्यातलेच दोन प्रश्न विचारा आणि वही शॉपमध्ये ठेवा. बाकी काही लागत नाही.

चार-पाच बैठका झाल्या की वही लिहायचं काम तुमच्याकडून काढून कामगारांपैकी कुणाकडं तरी द्या, दर वेळी वेगळ्याकडं. अक्षर बिघडेल, चालेल. तुम्ही रजेवर असाल त्या पंधरवड्यातही बैठक होते का ते बघा. झाली, आणि आल्यावर वहीत तुमच्याबद्दलच एखादी ओळ दिसली, तर तिच्यापुढं कुणी करायचं या रकान्यात आपलं नाव लिहा.

वही स्टोअरच्या कपाटात ठेवू नका. हजेरीच्या मशिनशेजारी खिळ्याला टांगा आणि दोरीनं पेन बांधा. पेन आठवडाभरात गायब होतो. दुसरा बांधा.